रिकाम्या खोलीतला दिवा

लेकीचा दाढीवाला सरडा आठ दिवस अन्नाला शिवला नव्हता. समोर रातकिडा नाचला तरी हा ढिम्म. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं गार पोट चाचपलं. "ऊब मिळाली तरच याला पचतं, आणि पचलं तरच भूक लागते. उबेचा दिवा आणि उन्हासारख्या उजेडाची ट्यूब दिवसभर चालू असते ना?"

"कामावर जाताना मी स्वतः लावून जाते. संध्याकाळी येते तेव्हाही चालूच असतात," लेक रडवेली झाली.

शेजारी बसलेले बाबा खोकले. उभ्या जन्मात त्यांनी रिकाम्या खोलीत दिवा जळू दिला नव्हता. लेकीची पाठ फिरली की ते दोन्ही बटणं बंद करायचे आणि संध्याकाळी फाटक वाजलं की लावायचे.

"बाबा! अहो, मरेल ना तो!"

"मला काय ठाऊक, तुझा हा मगरीचा पुतण्या उजेडावर जगतो म्हणून?" बाबा पुटपुटले खरे, पण घरी येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दिवे चालू राहिले. पण नियम तो नियम. बाबांनी खुर्ची, चष्मा आणि पेपर उचलून सरड्याच्या खोलीत मुक्काम हलवला. खोली आता रिकामी नव्हती.

चौथ्या दुपारी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, ताट वाढलंय, गार होतंय!"

"इकडेच आण," आतून दबक्या आवाजात उत्तर आलं. "यानं आत्ताच पहिला घास घेतलाय. मी उठलो तर दिवा बंद करावा लागेल."