आरामाचा दिवस

माझ्या ताईने पोरं म्हणून दोन बैल पोसलेत. थोरला दोनशे किलोचा बार उचलतो, धाकटा आरशापुढे दंड फुगवतो. "तुझी नुसती सूज आहे!" "आणि तू नुसता हमाल!" खरी ताकद कुणाची, यावरून दोघांची रोज जुंपते.

काल ऐन भांडणात, अंथरुणाला खिळलेल्या त्यांच्या वडिलांनी आतून हाक मारली, "अरे, मला जरा उठवून बसवा."

"परवा स्पर्धा आहे, पाठ जपायला हवी," थोरला म्हणाला.

"माझा आज आरामाचा दिवस," धाकट्याने हात झटकले.

थोरल्याचा वजन उचलायचा जाड चामडी पट्टा ताईने खुंटीवरून काढला, कमरेला आवळला आणि आत गेली.



पट्ट्याला तिच्या काटकुळ्या कमरेच्या मापाचं भोक केव्हाच पाडलेलं होतं.