घुबडाचे नाणे

“घुबड? माझ्या घरात?”

ह्यांनी पुढे केलेले चांदीचे नाणे मी हातातही घेतले नाही. निवृत्तीनंतर प्राचीन ग्रीक आणि रोमन नाण्यांचा संग्रह करायचे ह्यांनी ठरवले होते; त्यातले ते पहिलेच. एका बाजूला कुणा देवीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला टपोऱ्या डोळ्यांचे घुबड.

“अगं, अडीच हजार वर्षं जुनं आहे, अथेन्सचं. बघतंय कसं, अगदी तुझ्यासारखं!” हे हसत म्हणाले.

“थट्टा पुरे. घरात सून गरोदर आहे. असला अपशकुन उंबऱ्याच्या आत नको.”

“ऐकून तरी घे, हे घुबड म्हणजे...”

मी हात वर केला. ह्यांचे वाक्य तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी नाणे परत गेले आणि संग्रहाचा विषयही पुन्हा निघाला नाही.

त्या वेळी पोटात असलेली नात, मृण्मयी, आता दहा वर्षांची आहे. काल ती ग्रीक दैवतांचे पुस्तक वाचत होती.

“आजी, घुबड हा अथीनाचा लाडका पक्षी. ती विद्येची देवी. म्हणजे त्यांची सरस्वतीच की गं!”

हे जाऊन तीन वर्षे झाली. त्या नाण्यानंतर ह्यांनी स्वतःच्या आवडीचे घरात काहीच आणले नाही. साधा सदरा घ्यायचा तरी आधी मला विचारीत. मी त्याला समजूतदारपणा म्हणत आले, आणि चारचौघींत अभिमानाने सांगतही आले.