देवांची सोय

बेल वाजली तेव्हा प्राध्यापक यशोवर्धन देव्हाऱ्यासमोर उभे होते. पायांत सपाता तशाच होत्या. अक्षराची, म्हणजे त्यांच्या मुलीची, सोयरीक आज ठरायची होती आणि मुलाची आई चर्चमधून परस्पर सर्जापूर रोडवरच्या या फ्लॅटवर जेवायला आली होती. सरांनी खंडोबाचे, यल्लम्माचे आणि पूर्वजांचे चांदीचे टाक रुमालात गुंडाळले व दाराशेजारच्या कपाटात सरकवले. ते चपलांचे कपाट होते. दार उघडणाऱ्या अक्षराने ते पाहिले.

"चपला कुठं ठेवू ओ?" फिलोमिनाबाईंनी बेळगावी मराठीत विचारले.

"बाहेरच राहू द्या." सर कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

"तुमचं पुस्तक वाचायला घेतलंय बघा. पेगन म्हणजे नेमकं कोण ओ, सर?"

सरांचा सगळा लौकिक या एका प्रश्नावर उभा होता. "तसा कुठलाच धर्म नव्हता. लोक आपापले देव पूजत होते. चर्चने त्या सगळ्यांना मिळून एक नाव दिलं आणि नावासोबत लाज दिली. त्यांचे दिवे, धूप, सण मात्र पुढे स्वतःकडे घेतले."

"म्हणजे लाज तेवढी त्यांच्याकडं राहिली म्हणा की."

इतक्यात सरांच्या आई, सकवारबाई, नैवेद्याचे ताट घेऊन आल्या. देवांआधी या घरात कुणी जेवत नसे.

"यशू, देव कुठं गेले?"

"पॉलिशला दिलेत, आई."

"नैवेद्याच्या वेळेला?"

अक्षराने कपाटाकडे पाहिले आणि मान खाली घातली.

"फादर जेवायला येणार म्हटलं की आमची सासू मरगाई देवीचा दगड तांदळाच्या डब्यात लपवायची," फिलोमिनाबाई सहज म्हणाल्या. "फादरना ठाऊक होतं. ते परत भात मागायचे नाहीत."

सर हसले. एकटेच.

सकवारबाईंनी नातीच्या नजरेचा माग घेतला. "स्वल्प सरक," त्या सरांना म्हणाल्या. कपाट त्यांनी उघडले नाही. ताट त्याच्यासमोर जमिनीवर ठेवले, भोवती पाणी फिरवले आणि हात जोडले. फिलोमिनाबाईंनी, चर्चमध्ये घेतात तसा, पदर डोक्यावर घेतला.

सरांना पायांतल्या सपाता आठवल्या. त्या काढून ठेवायला घरात जागा एकच होती.