तीन स्वेटर

"अगं पाय उचल! चढावर बंद पडलेल्या गाडीसारखी काय उभी राहतेस?"

मास्तर बाल्कनीतून गरजले, तशा समोरच्या दोन खिडक्या पटापट लागल्या. खाली त्यांची बायको फाटकाची कडी काढत होती. अंगात दोन सदरे, त्यावर दोन स्वेटर, वर जाकीट. हा हुकूम मास्तरांचाच. घाम निघाल्याशिवाय चरबी वितळत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि त्या घरात दुसऱ्या कुणाला मत नव्हतं.

मास्तर गाडी चालवायला शिकवायचे. दिवसभर शिकाऊ लोकांवर खेकसायचे आणि उरलेला राग घरी आणायचे. कुणीतरी चेष्टेत बायकोच्या जाडीवरून बोललं आणि मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच संध्याकाळी त्यांनी तिच्यासाठी बूट आणले. नवशिक्यांनी धावायला कसं शिकावं याचा तक्ता भिंतीवर डकवला. थोडं पळायचं, थोडं चालायचं, दर आठवड्याला पळणं वाढवायचं.

"सुरुवातीचे आठवडेच जड जातात. तिथेच सगळे गळतात. आणि तू तर काय, गळणाऱ्यांची राणी! शिवणाचा क्लास अर्धवट, गाणं अर्धवट. एक तरी गोष्ट शेवटाला नेलीस का आयुष्यात?"

तिने बूट पायात चढवले. बोलून उपयोग नसतो, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

पण ती पळत राहिली. रोज परतायची ती लालबुंद होऊन, केस कपाळाला चिकटलेले. मास्तर तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचे. जाताना पिंप, येताना निम्मी! त्यांची छाती फुगायची.

"बारीक व्हायला लागलीस. कुणामुळे?"

"तुमच्यामुळेच."

"मग उशीर का झाला?"

"वळणावरच्या लाँड्रीवाल्या मावशींकडे घामेजलेले कपडे टाकले, पाणी प्यायले."

"मध्ये थांबायचं नाही म्हणून किती वेळा सांगायचं?" मास्तरांनी टेबलावर मूठ आपटली. कप खाली पडून फुटला. तिने खाली वाकून तुकडे गोळा केले.

आज मात्र ती जिन्यातच बसली. बुटांच्या नाड्या तशाच लोंबत होत्या.

"आज राहू दे ना. भीती वाटते."

"कसली भीती?"

"जमेल की नाही, याची."

मास्तरांचं डोकंच फिरलं. "तिसऱ्या आठवड्यात माघार? वाटलंच होतं मला! ऊठ. पळ, आणि मागे वळून बघू नकोस!"

तिने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नाड्यांना दुहेरी गाठ मारली.

"बरं," ती म्हणाली आणि निघाली.

मास्तरांनी स्वतःच चहा करून घेतला, तोही कडवट झाला. शिकवणीची वेळ झाली तरी बाईसाहेबांचा पत्ता नाही. बसली असेल त्या मावशीशी चकाट्या पिटत! चांगलं सांगितलेलं हिला पचतच नाही. नरमाई दाखवली म्हणूनच ही वेळ आली. आता शिक्षा हवी. उद्यापासून दोन नाही, तीन स्वेटर!

आत्ताच काढून ठेवावेत, म्हणून त्यांनी तिच्या कपाटाचं दार खसकन ओढलं.

आत नुसते हँगर हलत होते.