बिनआवाजाची गाडी

“नीज गं, रस्ता मला पाठ आहे.”

चिनात्सु सहा वर्षांची असताना मागच्या सीटवर पेंगायची, तेव्हा पुढून आजोबा असं म्हणायचे. काचेवर बर्फ भुरभुरायचा आणि तो आवाज गोधडीसारखा अंगावर यायचा.

आता ती चौतिशीची होती. जपानमध्ये, अकिताच्या किनाऱ्यावरच्या एका लहान शहरात गाड्या विकायची. तिने विकलेली पहिली गाडी आजोबांचीच. सही करताना त्यांचा हात कापत होता, गाडीचा रंगही त्यांनी दोनदा विचारला होता. ‘आता पुरे करा’ हे शब्द तिच्या ओठांवर आले आणि तिथेच राहिले. पुढच्या हिवाळ्यात आजोबा पाठ असलेला रस्ता विसरले आणि हमरस्त्यावर उलट्या बाजूने शिरले. तो आवाज पुन्हा कानी आला नाही.

म्हणूनच ओनोदेरा-सान हे नवे गिऱ्हाईक दहा चाळीसच्या बसमधून उतरून शोरूममध्ये आले, टोपीवरचा बर्फ झटकून “वय एक्याऐंशी, कान शाबूत,” असं म्हणाले, तेव्हा तिला आजोबांची ती सही आठवली.

“ती छोटी, उंच गाडी दाखव,” ते म्हणाले. “पेट्रोलवरही चालते आणि विजेवरही, ती.”

फेरी मारायची वेळ आली तेव्हा ते शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

“तूच चालव, पोरी. मी ऐकतो.”

“काय ऐकता?”

“काही ऐकू येत नाही ना, तेच.”

गाडी समुद्राच्या रस्त्याला लागली. एका अंगाला करडं पाणी, दुसऱ्या अंगाला पांढरं रान, आणि मधून ती गाडी स्वप्नात चालावं तशी चाललेली. पडद्यावर हिरवे बाण वाहत होते. मोटरकडून चाकांकडे जायचे, उतार लागला की उलटे वळून बॅटरीकडे यायचे.

“ब्रेक लावला की वीज साठते,” चिनात्सु म्हणाली.

“म्हणजे थांबतानाही कमावते. आमच्या तोमेसारखी. बायको माझी. निजायला निघाली की वाटेत चार भांडी घासून जायची.”

“मागच्या चाकांना वेगळी मोटर आहे, बर्फात रुतत नाही. आणि लिटरला सव्वीस किलोमीटर…”

“ते असू दे. उभी असली की काय करते?”

“उभी?” ती हसली. “मागे डिकीत घरच्यासारखा सॉकेट आहे. पंधराशे वॉट. टाकी भरलेली असली तर चार-पाच दिवस वीज देते. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, थोडा वेळ चालतं, बंद होतं.”

“त्याचा आवाज?”

“कुजबुजल्यासारखा.”

म्हाताऱ्याने डोळे मिटले. चिनात्सुला वाटलं, कळलं. हल्ली पुष्कळ आजी-आजोबा गाडीतच अंथरूण घालून देश बघत फिरतात.

“आजींना घेऊन निघणार वाटतं? आतच झोपायचं, सकाळी समोर समुद्र.”

“तोमेला नीट झोप लागली पाहिजे,” ते म्हणाले. “बाकी मला काही नको.”

पुढचे तीन आठवडे कागदपत्रांत गेले. गाडी ठेवायच्या जागेचा नकाशा पोलिसांत द्यावा लागतो. ओनोदेरा-साननी तो स्वतः, पट्टी लावून काढून आणला. गाडीचं तोंड घराच्या भिंतीकडे, शेपूट शेताकडे, मध्ये एक पर्सिमनचं झाड. झाडाला फळंसुद्धा काढली होती.

चिनात्सु ते चित्र बघून हसायची आणि रात्री तळमळायची. त्यांना कसं म्हणायचं, की तुमचं वय झालं? गाडी विकत घ्यायला लायसन्स लागत नाही, मग ते मागायचं तरी कशाच्या नावाखाली?

“गिऱ्हाइकाला वयाची आठवण करून द्यायची नसते, कुमागाई,” शोरूमच्या साहेबांनी तिला आडनावाने हाक मारत बजावलं. “गाडी स्वतः ब्रेक मारते. तू कशाला मारतेस?”

गाडी द्यायचा दिवस उजाडला. आरशाला लाल रिबीन बांधली, फुलं दिली, फोटो काढला. साहेबांनी स्वतः चालकाच्या बाजूचं दार उघडून धरलं. ओनोदेरा-सान क्षणभर घुटमळले. उघडलेल्या दाराकडे, हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगेकडे त्यांनी पाहिलं आणि कुणाचा हिरमोड नको म्हणून की काय, मुकाट्याने आत जाऊन स्टिअरिंगमागे बसले.

सगळे रांगेत वाकले. गाडी नजरेआड होईपर्यंत मान वर करायची नाही, ही शोरूमची रीत.

एक मिनिट गेलं. मानेवर बर्फ साचू लागला. गाडी बिनआवाजाची, तेव्हा गेली की नाही हे वाकलेल्यांना कळणार कसं?

“गेली का?” साहेब दातांआडून पुटपुटले.

“मला बूटच दिसतायत, साहेब,” शेजारचा म्हणाला.

चिनात्सुने डोळे वर केले. चाकं जागच्या जागी होती. रीत मोडून ती सरळ झाली, बर्फातून चालत खिडकीशी गेली. काच खाली आली.

“ओनोदेरा-सान, तीन आठवडे हे बोलायचं राहिलंय,” ती म्हणाली. “एकदा असंच एका माणसाला बोलायचं राहिलं होतं. रागवा, गाडी परत करा, पण तुम्ही ही चालवू नका.”

ओनोदेरा-सानचे दोन्ही हात मांडीवरच होते. त्यांचा चेहरा सुटकेने सैलावला.

“लायसन्स मी गेल्या वर्षीच परत दिलं, पोरी, पण तुम्ही सगळे इतके वाकलात की सांगवेना,” ते हळूच म्हणाले. “तूच एवढी घरी नेऊन भिंतीला लाव. वीज गेली की तोमेचं श्वासाचं यंत्र बंद पडतं, आणि जनरेटर धडधडला की तिला ते कळतं, मग ती रात्रभर घाबरून जागी राहते.”