पहिल्याच टेकला

ड्रमरचा उजवा कान वर्षापूर्वीच गेला होता. डाव्यात उरलेली थोडीशी कुजबूज आज सकाळी गेली. बायकोने त्याच्यासमोर उभं राहून, एकेक शब्द ओठांवर घोळवत विचारलं, आतातरी धाकट्या भावाला सांगणार का? त्याने नकारार्थी मान हलवली आणि बूट चढवले.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं ती कधीपासून बजावत होती. पण ऐकतो कोण? हेवी मेटल बँड हे त्याचं दुसरं घर. खरं तर पहिलंच. आधीचे अल्बम सपशेल आपटले होते. हाही आपटला तर बँड मोडणार. आणि बहिऱ्या ड्रमरला कोण ठेवतो? गायक सख्खा धाकटा भाऊ असला म्हणून काय झालं!

धाकट्याने मात्र गेल्या महिन्यात नकळत उपकारच केला होता. छातीपर्यंत रुळणारी दाढी-मिशी सफाचट. हा मेटलवाला की बँकेतला कारकून, म्हणत बाकीचे हसून लोळले होते. नवा अल्बम, नवा चेहरा, एवढंच तो बोलला. ड्रमरला त्याचे ओठ वाचणं सोपं झालं.

स्टुडिओत पाऊल टाकलं आणि ड्रमरचं धाबं दणाणलं. सोफ्यावर एक अनोळखी टकलू बसला होता. बेस गिटारवाल्याचा मित्र आहे, सहज आलाय, असं धाकट्याने सांगितलं. सहज आलेली माणसं दुसऱ्याच्या हातापायांकडे इतकं निरखून बघतात होय?

तो वाजवायला बसला. कानात नुसता शुकशुकाट. बेसवाल्याची बोटं आणि भावाची हलणारी मान, एवढ्यावर त्याने गाणं ओढून नेलं. एक ठोका जरी हुकला तरी बिंग फुटणार होतं.

काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट म्हणजे महाखडूस माणूस. रडवल्याशिवाय कुणाला सोडायचा नाही. त्याने अंगठा वर केला. पुढच्या गाण्यालाही पहिल्याच टेकला अंगठा.

ड्रमरला खरंच वाटेना. दिवसभर कुणी ओरडलं नाही की शिवी हासडली नाही. धाकट्याने स्वतः चहा आणून हातात दिला. काम आटोपल्यावर पाठीवर हात ठेवून दारापर्यंत सोडायला आला. टकलू अजून सोफ्यावरच होता.

अल्बम आला आणि त्याने नुसता धुमाकूळ घातला. गिटारपेक्षा ड्रमचीच चर्चा जास्त. असे ड्रम आजवर कुणी वाजवले नाहीत, असं जो तो लिहू लागला. रस्त्यात पोरं ड्रमरला अडवून सही मागत.

त्या कौतुकाने त्याला धीर आला, आणि लाजही वाटायला लागली. पाठच्या भावापासून किती लपवायचं? एका दुपारी त्याने धाकट्याला घरी बोलावून समोर बसवलं.

"रागावू नकोस. रेकॉर्डिंगच्या वेळी मला काही म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं."

धाकट्याने खुर्ची पुढे ओढली. चेहरा ड्रमरच्या अगदी समोर आणला. त्याचे ओठ सावकाश हलले.

"माहीत होतं, दादा. म्हणून तर तुझे माइक बंद ठेवले होते."