चौथी वायर

दादाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. राहून गेलं म्हणजे, धाकट्याने ते राहू दिलं होतं. पत्र टेबलावरून शब्दकोशात गेलं, शब्दकोशातून उशीखाली, आणि आज सकाळी त्याच्या शर्टाच्या खिशात येऊन बसलं. मजकूर थोडकाच. डॉक्टरांनी डोळ्यांपायी गाडी चालवायला कायमची मनाई केली आहे. महिनाअखेर मुलगा मला त्याच्याकडे घेऊन जातो आहे, तिथून परत येणं आता होणार नाही. जाण्याआधी एकदा आपल्या गाडीत तुझ्या शेजारी बसावं म्हणतो. गाडी चालू असेल तर कळव, येतो. बंद असेल तर उगाच धावपळ नको.

दादाला फोनवर धड ऐकू येत नसे, म्हणून पत्र.

आणि गाडी बंद होती.

दोन माणसांपुरती, बुटकी, रंग विटलेली स्पोर्ट्स कार. दोघा भावांनी तरुणपणी मिळून घेतलेली. तिचे स्पार्क प्लग गेले होते. नवे आणून ठेवले होते, पण जुने काढायचे तर आधी त्यांच्यावरच्या वायरी काढायला हव्यात, आणि वायरी निघायचं नाव घेत नव्हत्या.

दोष देणार कुणाला? धाकट्याने जन्मभर पुस्तकं बांधली होती. मागे एकदा भर रस्त्यात एका वायरीची रबरी टोपी प्लगवरून निसटली. पुन्हा निसटू नये म्हणून त्याने घरी येऊन चारही टोप्यांच्या कडांना सरस लावला, पुस्तकाच्या पाठीला लावतात तोच. इंजिनाच्या उष्णतेने त्याचा दगड झाला. धाकट्याने बांधलेल्या पुस्तकाचं पान सुटलं, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. वायरींनीही त्याचं नाव राखलं.

पहिल्या टोपीला त्याने गरम पाण्याचं फडकं धरलं, बांधणीची हाडाची पट्टी तिच्या कडेने फिरवली, आणि घाम फुटेपर्यंत चुचकारल्यावर ती निघाली. दुसरी निघाली ती त्याच्या बोटाचं सालटं घेऊन. तिसरी पाइपांच्या आड होती. तिथे हात जाई, पण हात गेला की नजर जात नसे. चौथी तर दिसतच नव्हती, नुसती चाचपायची.

टोपी धरायची, आधी फिरवायची, मग ओढायची. वायरीला कधी ओढायचं नाही. दादाने हे त्याला शंभरदा सांगितलं होतं. गाडीसोबत मिळालेल्या माहितीपुस्तकातही तेच छापलेलं होतं, आणि ते पुस्तक मडगार्डवर उघडंच पडलं होतं. तिसरी टोपी फिरेना. फडकं थंड झालं. पट्टी दोनदा निसटून खाली गेली आणि दोनदा तो गुडघे टेकून गाडीखाली शिरला. तिसऱ्यांदा त्याने मुकाट वायरच धरली आणि सगळं अंग मागे टाकून ओढली.

वायर हातात आली. टोपी होती तिथेच राहिली.

चहा घेऊन आलेली बायको त्या तुटक्या टोकाकडे बघत उभी राहिली.

“गाडीसुद्धा बांधूनच ठेवलीत,” ती म्हणाली. “आता वाचत बसा.”

धाकट्याला हसू आलं नाही. त्याने पाना आपटला, तो नेमका पायावर पडला. आपल्याला साधी वायर काढता येत नाही, दादा उगाच नव्हता म्हणत की तुझे हात कागदाचे, असं बरंच काही तो बडबडला. तिने ऐकून घेतलं. मग पत्राचं काय केलंत, म्हणून विचारलं. गाडी चालू झाल्यावर लिहीन, तो म्हणाला.

“बंद आहे असंच लिहा की.”

“बंद आहे म्हटलं तर तो येणार नाही.”

“आणि काहीच नाही लिहिलंत तर येणार आहेत?”

ती कप ठेवून आत गेली.

धाकटा मडगार्डला टेकून चहा पीत राहिला. ताकाला जाऊन भांडं लपवायची दोघा भावांची जन्माची खोड. इतक्या वर्षांत दादा त्याला भेटायला म्हणून कधी आला नव्हता. गाडीला बघायला यायचा. आणि धाकट्यानेही कधी त्याला नुसतं ये म्हटलं नव्हतं. चोक अडकतोय, ब्रेक कुरकुरतोय, असंच काहीतरी कळवायचा.

कप रिकामा झाला तेव्हा त्याने पुन्हा बॉनेटखाली हात घातला. बोटांनी चाचपत तो चौथ्या टोपीपर्यंत पोचला. ती घट्ट होती. त्याने तिला जरासुद्धा ओढलं नाही. हात बाहेर काढला, फडक्याला पुसला आणि आत जाऊन कागद घेतला.

‘दादा, गाडी बंद आहे. वायरींच्या टोप्यांना मी सरस लावला होता. हसून घे. दोन निघाल्या, तिसरी मी तोडली. चौथी तुझ्यासाठी ठेवली आहे. तिला डोळे लागत नाहीत, बोटंच लागतात. येताना लांब तोंडाची पक्कड आण.’

वाचून पाहिलं तर कागदाच्या कोपऱ्यात ग्रीसचा अंगठा उठला होता. एरवी अशा डागाला त्याने सबंध पान बदललं असतं.

टपालपेटी कोपऱ्यावरच होती. पाकीट तिच्या तोंडाशी अडकलं, अर्धं आत, अर्धं बाहेर. अजून ओढून घेता आलं असतं. त्याच काळ्या अंगठ्याने त्याने ते आत ढकललं, आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत पेटीला कान लावून उभा राहिला.